भांडून घेतलेला गुण

बुऱ्हाणपूर,
१२ जानेवारी २०२५

रश्मीताई,

नमस्कार. पाकीट बघून घाबरू नका, घरी सगळे ठीक आहेत. पत्र अशासाठी की आपल्या घरात फोनवर काही बोलता येत नाही. तुमचा फोन आला की तुमचे भाऊ तो स्पीकरवर टाकून पलंगावर मधोमध ठेवतात, आई-आबा दोन्हीकडून कान लावतात, आणि मग जेवलात का, थंडी आहे का, एवढंच बोलून आपण ठेवून देतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं तर तुम्ही हात जोडलेलं चित्र पाठवता. म्हणून आपलं पत्र.

बातमी अशी की तुमची भावजय कॉलेजात जाते. हसून घ्या. मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र आहे, बी.ए.चं पहिलं वर्ष, वर्ग फक्त रविवारी. मोनालीने इंदूरच्या होस्टेलात बसून फॉर्म भरला. म्हणाली, "मम्मी, अब पढ़ ही लो, दिनभर मुझे फोन करने से अच्छा है." तुमचे भाऊ म्हणाले गृहविज्ञान घे. मी म्हटलं, लग्न झाल्यापासून दुसरं काय करते आहे? म्हणून मनोविज्ञान घेतलं, म्हणजे आपलं मानसशास्त्र. वर्गात सगळ्या मोनालीच्या वयाच्या. मला आंटीजी म्हणतात आणि पंख्याखालची जागा सोडतात. अवधान म्हणजे लक्ष कसं लागतं, ह्या धड्याला मला डुलकी लागली. सकाळी केळीच्या मजुरांच्या भाकरी थापून गेल्यावर लक्ष कुठून लागणार?

आता मुद्द्याचं. आमच्या पूनम मॅडमनी घरच्या एका वडीलधाऱ्या माणसाची स्मरणशक्ती तपासून यायला सांगितलं होतं. ज्याची तपासणी करायची त्याला पुस्तकात प्रयोज्य म्हणतात. माझे प्रयोज्य म्हणजे आई. मी काही शब्द वाचून दाखवले आणि थोड्या वेळाने परत विचारले. आईंना एकही सांगता आला नाही. महिना विचारला तर श्रावण म्हणाल्या. नवऱ्याचं नाव काय, असाही एक प्रश्न होता. आई गालात हसल्या आणि खाली बघत बसल्या. मॅडम भोपाळकडच्या, त्यांनी तिथे शून्य मांडलं. मी भांडले. म्हटलं, मॅडम, आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मी तरी कुठे घेते? हे न आठवणं नाही, ही रीत आहे. शेवटी मॅडमनी शून्य खोडून पूर्ण गुण दिला. तेवढाच काय तो आईंना मिळालेला गुण.

ताई, मला जरा काळजी वाटते. दिवाळीत आई तुमच्याकडे राहून आल्या. तेव्हा काही वेगळं जाणवलं का? इकडे त्या आता आबांसमोर पलंगावर बसत नाहीत. आबा आले की डोक्यावरून पदर घेतात, पार कपाळापर्यंत. विचारलं तर सांगत नाहीत.

आबांना खोकला धरलाय. चौकातल्या डॉक्टरांनी लाल औषध दिलंय, ते मी रोज देते. गुण काही येत नाही.

तुमची,
प्रतिभा

*

नाशिक रोड,
२७ जानेवारी २०२५

प्रतिभा,

आशीर्वाद आहेतच, पण आधी माझं ऐक.

माझी आई तुझी प्रयोज्य कधीपासून झाली? तुला शिकायचं आहे, शीक. ह्या वयात पुस्तक घेऊन बसायचा उत्साह तुझ्यात आहे याचं मला कौतुकच आहे, माझ्यात तर उठून दिवा लावायचा उरलेला नाही. पण शिकायला घरचं माणूस कशाला लागतं? शेजारची सुशीलाकाकू घे. तिची स्मरणशक्ती तपास, तिला आपल्या लग्नात कोणी काय आहेर केला तेसुद्धा पाठ आहे.

आईला काहीही झालेलं नाही. माझ्याकडे होती तेव्हा अगदी छान होती. आता म्हातारपणी महिना कोणाच्या ध्यानात राहतो? मला तरी राहतो का? भिंतीवर कॅलेंडर असतं म्हणून माणसं शहाणी दिसतात. आणि पदर घेते तर त्यात काळजी कसली? आमची आई जुन्या वळणाची आहे. आमच्या आजोबांसमोर ती कधी मान वर करून उभी राहिली नाही. उतारवयात बाईला नवऱ्याचा मान ठेवावासा वाटला तर तुमच्या मनोविज्ञानात त्याला रोग म्हणतात का? लोकांना समजलं की सुनेने कॉलेजात जाऊन सासूला वेडं ठरवलं, तर तोंड कुठे लपवशील?

ह्यापुढे तिला असले प्रश्न विचारू नकोस. माझ्या सासूबाईंना शेवटी शेवटी सगळे असेच येऊन प्रश्न विचारायचे, मी कोण ते सांगा, हा कोण ते सांगा. त्या रडायच्या. ते मला पुन्हा बघायचं नाही.

आबांना अडुळशाचा काढा दे. लाल औषधात नुसती साखर असते. आईला रात्री पायाला तेल लाव.

रश्मीताई

*

बुऱ्हाणपूर,
१६ फेब्रुवारी २०२५

रश्मीताई,

नमस्कार. पत्र वाचलं आणि दोन दिवस भांडी आपटत होते. मग म्हटलं, रागावतात तीही आपलीच माणसं.

आईंना विचारणं बंद केलं आहे. सुशीलाकाकूंना प्रयोज्य केलं. त्यांनी सगळे शब्द सांगितलेच, वर आपल्या पदरचे दोन घातले. मॅडम म्हणाल्या, "प्रतिभा जी, ये तो बहुत होशियार हैं." काकू तेव्हापासून गल्लीभर मिरवत आहेत.

वेडं ठरवायचं माझ्या मनातही नाही, ताई. मनोविज्ञानात वेडा हा शब्दच नाही, निदान पहिल्या वर्षात तरी नाही. मी फक्त जे दिसतं ते लिहिते. आबा ओसरीवर असले की आई स्वयंपाकघरातून बाहेर येत नाहीत. जेवायलाही मागे, भिंतीकडे तोंड करून बसतात. आबा आधी नदीवर राजघाटाकडे फिरायला जायचे, आता घरातून हलत नाहीत. आणि घरात असूनही बाहेरच बसतात, दारातल्या कडुलिंबाखाली खुर्ची टाकून. दोघांचं काही बिनसलं असेल असं मला वाटलं. मी आबांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "बिनसायला आता काय उरलं वं बाई?" आणि खोकत आत गेले. काढ्यानेही फरक नाही.

तुमच्या भावांना सांगितलं तर ते म्हणतात वय झालं. मंडीत केळीचे भाव पडले की ते वयही विसरतात, माझंही आणि स्वतःचंही. त्यांना दोष देत नाही. सगळेच दमलेले आहेत.

आता मागणं. परीक्षेचं टाइमटेबल अजून लागलं नाही, पण मॅडम म्हणतात अक्षय्यतृतीयेनंतर, म्हणजे आपल्या आखाजीनंतर, जूनमध्ये पेपर असतील. त्या दिवसांत आईंना एकटं ठेवता येणार नाही. आखाजीला तुम्ही माहेरी याल, तेव्हाच ठरवू, पण पेपरांच्या आठवड्यात येऊन राहाल का? तुम्ही आलात तरच मी परीक्षेला बसू शकते. दुसरं कोणी नाही. मोनालीची परीक्षा तेव्हाच आहे, आणि माझ्या माहेरी तुकईथडला वहिनीचं ऑपरेशन झालंय.

मला ही परीक्षा द्यायची आहे, ताई. का ते नीट सांगता येत नाही. रविवारी वही घेऊन बाहेर पडते तेव्हा वाटतं, ह्या पायांना अजून चालता येतं.

तुमची,
प्रतिभा

*

नाशिक रोड,
९ मार्च २०२५

चि. प्रतिभास,

तुझं पत्र उशाशी ठेवून झोपले आणि तरी उत्तर लिहायला इतके दिवस लागले. हातच उचलत नाही.

मागच्या पत्रात जास्त बोलले. पण मी येऊ शकणार नाही. आखाजीला येईन, दोन दिवस राहीन, सांजोऱ्या खाईन, आमरस खाईन, झोक्यावर बसेन, झोका तुटला तर हसून घ्या. आखाजीला लेकीने माहेरी विसावायचं असतं. वर्षातले तेवढे दोन दिवस मला कोणी रश्मी, पाणी दे, असं म्हणत नाही. पण जूनमध्ये आठवडाभर आईला सांभाळायला ये म्हणशील, तर ते माझ्याने होणार नाही.

तुला माहीत नाही मी सासूबाईंचं काय काय केलं. तुझे भाऊजी कामावर, मुलगा पुण्याला. त्या मला कधी कामवाली समजायच्या, कधी चोर. एकदा मी त्यांची वेणी घालत होते तर मला विचारलं, बाई, तुझी सासू कशी आहे गं, छळते का? मी म्हटलं, नाही हो, चांगली आहे. त्या गेल्या तेव्हा मला रडू आलं नाही, झोप आली. सगळ्या बायका येऊन रडत होत्या आणि मी उभ्या उभ्या झोपत होते. हे मी कोणाजवळ बोललेले नाही.

म्हणून आईच्या बाबतीत तू काही लिहिलंस की माझा संताप होतो. तू तिला आजारी म्हणू नकोस एवढंच. ती पदर घेते, आबांना मान देते, छान आहे. आबा बाहेर बसतात कारण त्यांना घरात उकडतं.

परीक्षा पुढच्या वर्षी दे. कॉलेज कुठे पळून जातंय?

रश्मीताई

*

बुऱ्हाणपूर,
१३ एप्रिल २०२५

रश्मीताई,

नमस्कार. थोडक्यात लिहिते.

मी परीक्षेला बसणार नाही. तुम्ही म्हणालात म्हणून नाही, मीच ठरवलं.

आज वर्गाला गेले होते. जाताना डाळ-भाकरी झाकून ठेवली आणि आईंना चारदा सांगितलं. तुमचे भाऊ वाडीवर होते. आबांना कालपासून ताप, ते ओसरीवर पलंगावर झोपले होते, म्हणून आज कडुलिंबाखाली गेले नाहीत. मी दुपारी परत आले तर आई स्वयंपाकघराच्या दारामागे उभ्या. पदर नाकापर्यंत ओढलेला, पाय थरथरत होते. मी गेले तेव्हापासून त्या तशाच उभ्या असाव्यात. संडासला जायचं तर ओसरीवरून जावं लागतं, त्या गेल्याच नव्हत्या. लुगडं ओलं झालं होतं. जेवण तसंच झाकलेलं. मला बघून म्हणाल्या, "आली का वं? बाहेर मानसं बसेल हायेत, कसं जाऊ मी?"

बाहेर फक्त आबा होते, ताई.

आईंना आंघोळ घातली, जेवू घातलं. मग मोरीत बसून मी रडले. आबांना काही सांगितलं नाही, पण त्यांना कळलं असावं. ताप असतानाही उठून खुर्ची बाहेर घेऊन गेले.

मॅडमना फोन करून सांगितलं की पुस्तकं परत करते. त्या म्हणाल्या, "अभी रखिए अपने पास."

आखाजीला या. पुरण मीच घालीन, तुम्ही विसावा घ्या. हे टोमणा म्हणून लिहिलेलं नाही.

तुमची,
प्रतिभा

*

नाशिक रोड,
४ मे २०२५

प्रतिभा,

मी आखाजीच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे निघून आले आणि तुझ्याशी धड बोललेसुद्धा नाही. तू सांजोऱ्यांचा डबा माझ्या हातात दिलास, मी घेतला आणि पाठ फिरवली. तुला वाटलं असेल ही बया पुन्हा रुसली. मी रुसले नव्हते. बोलले असते तर तिथेच खाली बसले असते.

घागरीच्या वेळी तू चुलीजवळ होतीस. धावत आलीस तोवर बरंचसं होऊन गेलं होतं. आधी काय घडलं ते कोणी तुला सांगितलं नसेल, तुझा नवरा, आमचा योगेंद्र, तर असल्या गोष्टी सांगतच नाही. म्हणून मी सांगते.

आबांचे गुडघे वाकत नाहीत म्हणून यंदा पितरांची घागर योगेंद्रने भरली. घागरीवर खरबूज ठेवलं, सांजोरी ठेवली, आंबा ठेवला. आबा पलंगावर बसून सांगत होते, आता हे कर, आता ते कर. योगेंद्रने कुंकवाचं बोट लावून आजोबांचं नाव घेतलं, उखर्डूबाबा म्हणून. तशी आई स्वयंपाकघरातून आली. मी तिला इतकं भराभर चालताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. पदर डोळ्यांवर. तिने घागरीवरचं खरबूज उचललं, आंबा उचलला आणि योगेंद्रला म्हणाली, "जिता मानूस समोर बसेल हाये, अन् त्याच्या नावाची घागर भरता? लाज नाही वाटत तुमाले?"

मला वाटलं ती चिडून बोलते आहे. मग ती खरबूज पोटाशी धरून आबांच्या पुढ्यात खाली बसली आणि त्यांच्या पायांवर डोकं टेकवलं. म्हणाली, "मामाजी, पोरं चुकली. मनात नका धरू."

प्रतिभा, ती आबांना तिचा सासरा समजते. आमचा आजोबा. जो मी शाळेत जायच्या आधीच गेला.

आणि आबा, त्यांनी काय केलं माहीत आहे? त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "राहू दे बाई. सुखी राहा." सासऱ्याने सुनेला म्हणावं तसं. एक क्षणही अडखळले नाहीत. त्यावरून मला कळलं की हे त्यांनी आज पहिल्यांदा केलेलं नाही.

त्यानंतर तू झारा हातात घेऊन आलीस.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर सोडायला आबा रिक्षात माझ्याबरोबर आले, तुला आठवत असेल, नको म्हटलं तरी आले. वाटेत मी विचारलं, आबा, तुम्हाला कधीपासून माहीत आहे? म्हणाले, गेल्या पावसाळ्यापासून. मी म्हटलं, मग बोलला का नाहीत कोणाला? ते म्हणाले, "काय बोलू? माह्या बायकोनं मले ओळखलं नाही, असं लोकाइले सांगू?"

मग मी त्यांना म्हटलं, निदान खोकल्याचं तरी दाखवा चांगल्या डॉक्टरला. ते हसले. "मले खोकला नाही वं. माहा बाप घरात येताना आधी खोकलायचा. सुनाइले पदर घ्यायले वेळ भेटला पाह्यजे म्हणून. मी तसाच आत गेलो का ती दचकते, हातातलं भांडं पडते. खोकललो का समजते तिले, मोठं मानूस येऊन राह्यलं." मी विचारलं, आणि ते औषध, तो काढा? म्हणाले, "घेतो. सून मायेनं देते, नाही कसं म्हनू? लाल वालं गोड हाये. काढा तू सांगितला ना? तो लई कडू."

गाडीत बसून मी भुसावळपर्यंत रडले. समोरच्या बाईने मला केळं दिलं.

आता माझं ऐक. तुझं बरोबर होतं. जे मला पुन्हा बघायचं नव्हतं ते आबा घराबाहेर खुर्ची टाकून इतके महिने एकटे बघत होते. मला माझंच दमणं मोठं वाटत होतं.

पुस्तकं परत करू नकोस. पेपरांच्या तारखा कळव. आईला इंदूरला दाखवायचं योगेंद्रला मी फोन करून सांगितलं आहे, स्पीकर बंद करायला लावून.

रश्मीताई

*

बुऱ्हाणपूर,
२२ जून २०२५

रश्मीताई,

नमस्कार. तुम्ही गेल्यावर घर फार शांत झालं. आई काल विचारत होत्या, "ती वेणी घालनारी बाई आज आली नाही का?" मी म्हटलं, येईल. तुम्हाला हे वाचून बरं वाटेल की वाईट, मला ठरवता आलं नाही, म्हणून जसं आहे तसं लिहिलं.

इंदूरच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. ते आम्हाला म्हणाले तेच तुम्हालाही फोनवर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, जाणारं जरा हळू जाईल. परवा आम्ही ओसरीचा पलंग मागच्या खोलीत नेला आणि आईंना संडासकडे जायला मागून दार काढलं. तुमच्या भावांनी स्वतः गवंडी आणला. कोणाला न सांगता आणला, म्हणून मीही काही न बोलता गवंड्याला चहा दिला.

मनोविज्ञानाचा पेपर बरा गेला. आठवणं आणि ओळखणं ह्यांतला फरक उदाहरण देऊन लिहा, असा प्रश्न होता. ताई, प्रश्न वाचला आणि माझा पेन थांबला. उदाहरण तर माझ्या घरात होतं, ह्या परीक्षेला बसलेल्या कोणाकडेही नसेल असं. पण मी पुस्तकातलंच लिहिलं, किराणा दुकानदाराचं, ज्याचं नाव आठवत नाही पण चेहरा ओळखीचा वाटतो. परीक्षकाला आमच्या घरच्या पदराशी काय करायचंय? गुण गेले तर जाऊ देत.

गुणावरून आठवलं. जानेवारीत मी आईंसाठी मॅडमशी भांडून जो गुण घेतला होता, तो खोटा होता. आईंनी नाव घेतलं नाही, आणि मला वाटलं रीत म्हणून. आपल्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, त्यामुळे तिला ते आठवत नाही हे कोणाला कळणार? आईंना तेव्हाच नाव सांगता येत नव्हतं. त्या हसल्या, खाली बघितलं, आणि आम्ही सगळ्यांनी वा म्हटलं. भोपाळकडच्या मॅडमना जे दिसलं ते मला दिसलं नाही, कारण मी ह्या घरची होते. मी मॅडमना जाऊन सांगितलं की तुमचं शून्य बरोबर होतं. त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं.

एक विचारायचं राहून गेलं. शेवटच्या पेपराच्या दिवशी मी घरी आले तर तुम्ही आणि आबा जेवायला बसला होतात, आणि तुम्ही दोघं रडत होतात की हसत होतात, मला समजेना. मला बघून तुम्ही विषय बदललात. काय झालं होतं?

तुमची,
प्रतिभा

*

नाशिक रोड,
१ जुलै २०२५

चि. प्रतिभास,

दुसऱ्या वर्षाचा फॉर्म सुटला की भर. पेपरांना मी येईन, तू विचारायचं नाहीस. गुडघे कुरकुर करतात, करू देत. त्या आठवड्यात मी फार दमले, खोटं कशाला बोलू, पण परत आल्यावर उभ्या उभ्या झोपले नाही.

रोज वेणी घालून देणारी बाई म्हणून आई मला आठवते, तर तेही चालेल. निदान चोर तरी नाही समजत.

तू विचारलंस ते सांगते. परवा फोनवर सांगितलं असतं, पण आबा शेजारी होते आणि स्पीकर तुझ्या नवऱ्याच्या हातात होता.

तू पेपरला गेलीस. मी भाकरी करत होते, आई जवळ बसून लसूण सोलत होती. आबा अंगणातून आले, दारात थांबले, पाण्याचा तांब्या घेतला आणि परत बाहेर गेले. आईने पदर सावरला. ते गेल्यावर मला हळूच म्हणाली, "ह्या घरचा बुढा भला मानूस हाये वं." मी म्हटलं, हो का? "हो. कधी वर मान करून पाह्यत नाही. आपन बायका असलो का आत पाय ठेवत नाही." त्या दिवशी ते तिचे मामाजीही नव्हते, प्रतिभा. नुसते कोणीतरी म्हातारे, ओळखीचे नसलेले. थोडा वेळ सोलत राहिली. मग म्हणाली, "त्याची बाई कुठी गेली? एकटाच दिसते नेहमी. तू त्याले पहिले वाढ. गरम गरम दे."

माझा हात तव्यावर भाजला. पिठात बोट घालून बसले.

आई झोपल्यावर मी आबांना आत बोलावलं, ताट वाढलं आणि सांगावं की न सांगावं, असा विचार करत बसले. शेवटी सगळं सांगितलं, तिने म्हटलं तसं, शब्दाला शब्द. आबांनी घास तोंडाशी नेलेला होता, तो खाली ठेवला. मला वाटलं आता हे कोसळतील. मी आईची लेक, मला रडू येतच होतं.

तर आबा हसायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होते. म्हणाले, "आमच्या लग्नात तिले कोनी विचारलं होतं? डोईफोडियाहून तिचा बाप आला, माह्या बापानं नारळ देऊन पक्कं केलं, झालं. पसंत हाये का म्हणून कोनी विचारलं नाही, मीसुद्धा नाही. आख्खा संसार झाला, कधी बोलली नाही." मग उपरण्याने तोंड पुसलं. "आज सोताहून सांगितलं. भला मानूस हाये म्हणते."

तेवढ्यात तू दार लोटून आत आलीस, आणि आबांनी ताट माझ्याकडे सरकवून आणखी एक भाकर मागितली.

तुझी,
रश्मीताई